खांद्याचा सांधा व त्याचा अस्थिसंधिवात

मराठी भाषेत खांदा हा भार वाहण्यासाठी आहे. जबाबदारी खांद्यावर येऊन पडते, पालखीला खांदा दिला जातो, कावडही खांद्यावरूनच वाहून आणतात. शरीररचनेच्या दृष्टीने पाहिले तर मात्र ज्याला खांद्याचा सांधा म्हणतात, तो या भाराच्या वाटेत येतच नाही. पालखीचा दांडा टेकतो तो मान व खांदा यांच्या मधल्या जाड स्नायूवर. हात ज्या सांध्यातून फिरतो तो सांधा याच्या बाहेरच्या अंगास आहे. भार पेलणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. हाताचा पंजा हव्या त्या ठिकाणी नेऊन पोचविणे, हे त्याचे काम होय.

हे काम केवढे मोठे आहे, ते तो सांधा बिघडल्यावर कळते. केस विंचरणे, पाठीला साबण लावणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, पोलक्याचे मागचे बंद बांधणे, फळीवरचा डबा काढणे, ही सर्व कामे खांद्याच्या फिरण्यावर अवलंबून आहेत. खांदा आखडल्याने प्राणास धोका नसतो. परंतु जे काम माणूस आजवर कोणाला न विचारता करीत होता, त्यासाठी त्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागते. वार्धक्यातील स्वावलंबनाच्या दृष्टीने ही हानी लहान नाही.

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागातील द्वारका ही उपनगरी या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य स्थळ आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेली ही वस्ती आरंभी पप्पनकलां प्रकल्प या नावाने ओळखली जाई. तिच्या सेक्टरांमध्ये सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती मोठ्या संख्येने आहेत. नोकरीनिमित्त दिल्लीस येऊन निवृत्तीनंतर तेथेच स्थिरावलेल्यांची घरे, मराठी कुटुंबांचीही, या इमारतींत आहेत. सदनिकेत जागा मोजकी, म्हणून सामान भिंतीवर चढते. कपाटे छताला भिडतात, रजया आणि ट्रंका माळ्यावर जातात. २००५ च्या अखेरीस मेट्रो रेल्वे द्वारकेस पोचली, तेव्हापासून उभ्याने प्रवास करणाऱ्याला वर लोंबणारी कडी धरण्याचाही सराव झाला आहे. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, म्हणजे अनेकांचे सांधे सकाळी ताठतात. अशा वेळी खांदा दुखू लागला की दोन उद्गार हमखास ऐकू येतात: ‘आता वय झाले’ आणि ‘हात हलवू नका’. यांपैकी पहिला अर्धसत्य आहे आणि दुसरा बहुतेक वेळा अपायकारक आहे. तसे का, हे समजण्यासाठी आधी सांध्याची रचना पाहिली पाहिजे.

उखळ आणि चमच्यातील लिंबू

प्राचीन भारतीय वैद्यांनी सांध्यांचे वर्गीकरण त्यांच्या आकारावरून केले होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी एकाचे नाव ‘उलूखल’, म्हणजे उखळ, असे आहे. काखेतील आणि जांघेतील सांधे या प्रकारात मोडतात, असे तेथे म्हटले आहे. आजचे शरीरशास्त्रही खांदा आणि खुबा यांची गणना एकाच वर्गात करते. एका हाडाचा गोल माथा दुसऱ्या हाडाच्या खळगीत फिरतो, असा तो वर्ग होय.

मात्र या दोन उखळांत मोठा फरक आहे. खुब्याची खळगी खरोखरीच उखळासारखी खोल असते आणि मांडीच्या हाडाचा माथा तीत पक्का बसतो. खांद्याची खळगी फार उथळ आहे. पाठीच्या वरच्या भागात जे त्रिकोणी चपटे हाड हाताला लागते, त्याला खवाटा किंवा स्कंधास्थी म्हणतात. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर ही खळगी असते, आणि दंडाच्या हाडाचा, म्हणजे भुजास्थीचा, गोल माथा तिच्यावर टेकलेला असतो. कोणत्याही क्षणी या माथ्याचा जेमतेम पाव ते एक-तृतीयांश भाग खळगीसमोर असतो. शाळेतील लिंबू-चमच्याची शर्यत आठवली म्हणजे या रचनेची कल्पना येईल. चमचा उथळ म्हणूनच लिंबू सर्व बाजूंना हलू शकते, आणि म्हणूनच ते पडण्याची भीतीही असते.

लिंबू पडू नये यासाठी निसर्गाने तीन योजना केल्या आहेत. खळगीच्या काठाभोवती चिवट तंतूंची एक कड आहे, तिच्यामुळे खळगी काहीशी खोल होते. सर्व सांध्याभोवती संधिकोश नावाची सैल पिशवी असून तिला बळकट बंधांचा आधार आहे. तिसरी योजना सर्वांत महत्त्वाची होय. खवाट्यापासून निघणाऱ्या चार लहान स्नायूंच्या कंडरा भुजास्थीच्या माथ्याला पुढून, वरून आणि मागून वेढून बसतात. हात उचलताना हे चार स्नायू माथ्याला सतत खळगीच्या मध्यावर दाबून धरतात. दंडाला उचलण्याचे मुख्य काम खांद्यावरील जाड त्रिकोणी स्नायू करतो. पण हे चार स्नायू नसतील तर तो माथ्याला नुसता वर ओढील, आणि हात उचलला जाणार नाही.

हात पूर्ण वर जातो तेव्हा केवळ हा एकच सांधा फिरतो असेही नाही. दर तीन अंशांच्या उचलीत सुमारे दोन अंश या सांध्यातून व एक अंश खवाट्याच्या सरकण्यातून येतो. म्हणूनच मुख्य सांधा आखडला तरी रोगी खवाटा उचकून हात थोडाफार वर नेऊ शकतो आणि ‘हात तर उठतो आहे’ असे समजून आजाराकडे दुर्लक्ष करतो.

हात उचलताना पडणारा ताण

खांदा शरीराचे वजन वाहत नाही, तेव्हा त्याच्यावर ताण नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. थोड्या हिशेबाने तो दूर होईल. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोग्रॅमचा असतो. तो आडवा, सरळ धरला असता त्याचे वजन सांध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरांवर एकवटले आहे असे मानता येईल. उलट हात उचलून धरणारा स्नायू सांध्यापासून अवघ्या ३ सेंटिमीटरांच्या अंतरावरून ओढतो. पहारीचा नियम येथे उलटा लागू पडतो: अंतर दहावा हिस्सा, म्हणून ओढ दहापट. तीन किलोग्रॅमचा रिकामा हात आडवा धरण्यासाठी स्नायूला तीस किलोग्रॅमांची ओढ द्यावी लागते, आणि ती सर्व सांध्यावर दाब होऊन पडते.

आता त्याच हातात दोन किलोग्रॅमचा पिठाचा डबा द्यावा. तो सांध्यापासून ६० सेंटिमीटरांवर आहे, म्हणून त्याच्यासाठी आणखी चाळीस किलोग्रॅमांची ओढ लागेल. एकूण सत्तर किलोग्रॅम, म्हणजे त्या माणसाच्या वजनाहूनही अधिक. परंतु कोपर वाकवून डबा छातीजवळ, सांध्यापासून ३० सेंटिमीटरांवर आणला, आणि त्याबरोबर हाताचे स्वतःचे वजनही २० सेंटिमीटरांवर आले, तर हीच ओढ चाळीस किलोग्रॅमांवर येते. डबा तोच, हातही तोच. फरक केवळ अंतराचा. खांदा दुखणाऱ्या माणसाने हा हिशेब एकदा समजून घेतला, तर कोणते काम कसे करावे हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

कूर्चा आणि तिचे पोषण

एवढा दाब सोसूनही सांधा निमूटपणे फिरतो, याचे श्रेय कूर्चेला आहे. हाडांची जी टोके एकमेकांवर फिरतात, त्यांच्यावर कूर्चेचा पांढरा, गुळगुळीत थर असतो. खांद्यात तो एक-दोन मिलिमीटरांहून फारसा जाड नसतो. कूर्चेचा सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग पाणी आहे. कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू जाळ्यासारखे विणलेले असतात, आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू अडकलेले असतात. दाब पडला की थोडे पाणी बाहेर येते, दाब सुटला की ते परत शोषले जाते. पाण्याने भरलेल्या स्पंजाप्रमाणे ही क्रिया आयुष्यभर चालू असते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढील पुष्कळसा उलगडा होतो. मज्जातंतू नसल्यामुळे कूर्चेची खराबी आरंभी दुखत नाही. वेदना सुरू होते ती शेजारचे हाड, संधिकोश व त्याचे अस्तर यांना त्रास होऊ लागल्यावर. रक्तवाहिन्या नसल्यामुळे कूर्चेच्या पेशींना अन्न मिळते ते सांध्यातील चिकट संधिद्रवातून, आणि तो द्रव कूर्चेत खेळता राहतो तो सांध्याच्या हालचालीमुळे. म्हणजे हालचाल हेच कूर्चेच्या पोषणाचे साधन होय. ‘सांध्यातले वंगण संपले’ असे लोक म्हणतात, तेव्हा सांधा म्हणजे बैलगाडीचा आस आहे अशी त्यांची कल्पना असते. आसाला बाहेरून वंगण घालावे लागते. सांधा स्वतःचे वंगण स्वतः तयार करतो, आणि ते सर्वत्र पोचण्यासाठी त्याने हलत राहणे आवश्यक असते.

रक्तपुरवठा नसण्याचा आणखी एक परिणाम असा की, झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. लंडन येथील शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात ही गोष्ट नमूद केली होती. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. तथापि वृद्ध सांध्याची सर्व कूर्चा नव्याने उगवेल असे औषध अद्याप हाती आलेले नाही. तसे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींकडे या दृष्टीने पाहावे.

विकार कसा वाढतो

अस्थिसंधिवात म्हणजे केवळ झीज, असे पूर्वी मानले जाई. जात्याची पेठ झिजावी तसा सांधा झिजतो, अशी ती कल्पना होती. आता हा विकार संपूर्ण सांध्याचा मानला जातो. कूर्चेतील पेशी जुने द्रव्य मोडतात व नवे घडवितात. या जमाखर्चात मोडीचे पारडे जड झाले की तंतूंचे जाळे सैल पडते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि त्याला भेगा जातात. सुटलेले कण संधिद्रवात मिसळून संधिकोशाच्या अस्तराला चेतवितात व तेथे सौम्य दाह सुरू होतो. कूर्चेखालचे हाड घट्ट होत जाते. माथ्याच्या, विशेषतः त्याच्या खालच्या, काठावर हाडाचे कोंब फुटतात. खळगीचा मागचा भाग अधिक झिजून माथा हळूहळू मागे सरकतो, संधिकोशाचा पुढचा भाग आखडतो, आणि हात बाहेरच्या बाजूस वळेनासा होतो.

खांद्याच्या या विकाराचे वर्णन नवे नाही. डब्लिन येथील शल्यचिकित्सक रॉबर्ट ॲडम्स यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सांध्यांच्या या रोगाचे सविस्तर विवेचन केले, त्यात खांद्याचाही समावेश होता. क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला. त्याच्या आधीच मृत शरीरांचे सांधे उघडून ही लक्षणे टिपली गेली होती.

गुडघा व खुबा यांच्या मानाने खांद्याला हा विकार कमी प्रमाणात होतो. साठीनंतर त्याचे प्रमाण वाढते. कित्येकदा कोणतेही वेगळे कारण सापडत नाही. वय व अनुवंश यांचा त्यात वाटा असतो. कित्येकदा मात्र जुने कारण असते. तरुणपणी निखळलेला खांदा, सांध्यापर्यंत गेलेला अस्थिभंग, आमवातासारखा दाहयुक्त संधिवात, ही त्यांपैकी काही होत. वर सांगितलेल्या चार स्नायूंच्या कंडरा फाटून दीर्घकाळ तशाच राहिल्या, तर माथा वर सरकून वरच्या हाडावर घासू लागतो व वेगळ्या प्रकारचा संधिवात होतो. भुजास्थीच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड निर्जीव होणे हेही एक कारण आहे. दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेणाऱ्यांत, तसेच सिकलसेल रोगाने ग्रस्त असलेल्यांत, हे घडते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल रोग आढळत असल्याने तेथे तरुण माणसाच्या दुखऱ्या खांद्याकडे या दृष्टीनेही पाहावे लागते.

प्रत्येक दुखरा खांदा संधिवाताचा नसतो

येथवरच्या विवेचनावरून आपल्या खांद्याला अस्थिसंधिवातच झाला आहे, असे कोणी ठरवू नये. दुखऱ्या खांद्यांपैकी पुष्कळांत सांध्याची कूर्चा शाबूत असते, दोष दुसरीकडे असतो, आणि दोष वेगळा म्हणून उपायही वेगळा असतो.

चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि विशेषतः मधुमेहाच्या रोग्यांत, संधिकोश जाड होऊन आवळतो. बॉस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ साली या विकाराला ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले. यात वेदना तीव्र असते, हात सर्व बाजूंनी अडतो. परंतु क्ष-किरण चित्रात सांधा स्वच्छ दिसतो. एक ते तीन वर्षांत हा खांदा बहुधा पुष्कळसा मोकळा होतो. अस्थिसंधिवात असा आपोआप जात नाही. म्हणून दोहोंतील भेद ओळखणे अगत्याचे आहे.

कंडरा फाटली असेल तर रोग्याला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने तो उचलला तर सहज वर जातो. अस्थिसंधिवातात हात कोणीही उचलला तरी ठराविक जागी अडतो. घरच्या घरी पाहण्याजोगी एक खूण अशी: दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवावी आणि पंजे, दाराची दोन फळ्या उघडाव्या तसे, बाहेर न्यावे. एक पंजा दुसऱ्याहून स्पष्टपणे मागे राहिला, आणि दुसऱ्याने हलकेच मदत करूनही पुढे गेला नाही, तर सांधा आखडला आहे असे समजावे. ही खूण संधिवाताची किंवा गोठलेल्या खांद्याची असू शकते. निर्णय वैद्यकीय तपासणीनेच होतो.

खांद्याच्या माथ्यावर, गळ्याजवळचे आडवे हाड जेथे संपते तेथे, बोट ठेवून दाखविता येणारी वेदना बहुधा शेजारच्या लहान सांध्याची असते. मानेपासून निघून कोपराखाली पंजापर्यंत जाणारी, मुंग्या आणणारी वेदना मानेच्या मज्जातंतूंची असू शकते. संध्याकाळी ताप, वजनातील घट आणि खांद्याचे स्नायू झपाट्याने वाळणे ही लक्षणे असतील, तर सांध्याच्या क्षयाचा विचार अवश्य करावा. खांद्याचा क्षय विरळ असला तरी आपल्या देशात तो विसरून चालत नाही, आणि त्यावर गुणकारी औषधे सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात.

एक सूचना सर्वांहून महत्त्वाची आहे. चालताना किंवा जिना चढताना डाव्या खांद्यात अथवा हातात कळ येत असेल, किंवा खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप ही लक्षणे एकाएकी दिसली, तर तो खांद्याचा विकार मानून शेकत बसू नये. ती हृदयाची हाक असू शकते; अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठावे.

अस्थिसंधिवाताचे निदान करण्यासाठी बहुतेक वेळा रोग्याची तपासणी आणि दोन दिशांनी घेतलेली साधी क्ष-किरण चित्रे पुरतात. हाडांमधील अंतर कमी होणे, कडेचे कोंब, कूर्चेखालच्या हाडाची घट्टता आणि त्यातील लहान पोकळ्या ही त्यांत दिसतात. चित्रातील खराबी व रोग्याची वेदना यांचे प्रमाण मात्र नेहमी सारखे नसते. पुष्कळ बिघडलेला सांधा काहींना फारसा छळत नाही; म्हणून उपचार रोग्याच्या अडचणीवरून ठरतात, चित्रावरून नव्हे.

उपचार

पहिला उपचार व्यायाम हाच होय. येथेच ‘हात हलवू नका’ या सल्ल्याचा दोष दिसून येतो. दुखते म्हणून हात गळ्यात बांधून ठेवला की संधिकोश आवळतो, स्नायू वाळतात, कूर्चेचे पोषण मंदावते. त्यामुळे हात हलविणे अधिक कठीण होते आणि पुन्हा विश्रांती वाढते. हे चक्र रोगाहून अधिक हानी करते. अस्थिभंगासारख्या दुखापतीनंतर सांगितलेली विश्रांती निराळी. तिची मुदत वैद्य ठरवितो.

सोपा आरंभ लंबकाच्या व्यायामाने करावा. निरोगी हाताने मेजाचा आधार घेऊन कमरेत वाकावे, दुखरा हात सैल लोंबू द्यावा, आणि शरीराच्या हेलकाव्याने तो घड्याळाच्या लंबकाप्रमाणे पुढेमागे, आडवा व गोलाकार झुलवावा. पाठीवर निजून दोन्ही हातांत काठी धरून निरोगी हाताने दुखऱ्या हाताला हळूच बाहेर ढकलावे. भिंतीवर बोटांनी पायऱ्या चढत हात वर न्यावा. व्यायामानंतर थोडा वेळ ठणकले तर हरकत नाही. ठणका दुसऱ्या दिवशीही राहिला तर व्यायाम जास्त झाला असे समजून तो कमी करावा, पण सोडू नये. सांधा जबरीने ओढून ‘मोकळा’ करून देणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. वृद्धांची हाडे ठिसूळ असतात, व अशा ओढाताणीत ती मोडल्याची उदाहरणे आहेत.

शेकाने स्नायू सैल होतात व वेदना काही काळ शमते. थंडीने हा रोग उत्पन्न होत नाही, ती ताठरपणा वाढविते इतकेच. म्हणून दिल्लीच्या हिवाळ्यात सकाळचा व्यायाम शेकानंतर किंवा ऊन पाण्याने अंघोळ झाल्यावर करणे सोयीचे असते. वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग होतो. पण त्यांतील अनेकांमुळे जठरास व्रण होतो, मूत्रपिंडांना इजा पोचते आणि रक्तदाब वाढतो. वृद्धांनी त्या सल्ल्याशिवाय दीर्घकाळ घेऊ नयेत. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. मधुमेहाच्या रोग्यात त्यानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते, आणि ही इंजेक्शने वारंवार देणे योग्य नव्हे. सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनोळखी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. ज्या द्रव्याच्या अतिरेकाने हाडाचा माथा निर्जीव होऊ शकतो, तेच नकळत पोटात जाणे, हा धोका लहान नाही.

कृत्रिम सांधा

वरील उपायांनी भागत नाही, रात्रीची झोप मोडते आणि नित्याची कामे अडतात, तेव्हा सांधा बदलण्याचा विचार होतो. खांद्याचा कृत्रिम सांधा प्रथम १८९३ साली पॅरिस येथे शल्यचिकित्सक पेआं यांनी बसविला. रोगी ३७ वर्षांचा एक पाववाला होता व त्याचा सांधा क्षयाने नासला होता. प्लॅटिनमची नळी आणि कडक केलेल्या रबराचा गोळा अशी ती रचना होती. जंतुसंसर्गामुळे सुमारे दोन वर्षांनी ती काढावी लागली. पण कल्पना टिकली. न्यूयॉर्कचे चार्ल्स नीर यांनी १९५० नंतरच्या दशकात धातूचा माथा बसविण्याची पद्धत रूढ केली, आणि १९७४ मध्ये अस्थिसंधिवातावर तिचा उपयोग केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. धातूचा गोळा व प्लास्टिकची खळगी असा आजचा सांधा त्याच परंपरेतला आहे.

ज्यांच्या कंडरा फाटल्या आहेत त्यांना हा सांधा उपयोगी पडत नाही, कारण गोळ्याला मध्यावर धरून ठेवणारे कोणी नसते. या अडचणीवर फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास चतुर उपाय काढला. त्यांनी रचनाच उलटी केली: गोळा खवाट्यावर व खळगी दंडाच्या हाडावर. त्यामुळे फिरण्याचा मध्य आत व खाली सरकतो, आणि बाहेरचा मोठा त्रिकोणी स्नायू एकटाच हात उचलू शकतो. चमच्यावर लिंबू तोलण्याऐवजी लिंबावरच चमचा उपडा बसविला, असे म्हणता येईल.

योग्य रोग्यात या शस्त्रक्रियेने वेदना पुष्कळ कमी होते, आणि बसविलेल्या दहा सांध्यांपैकी सुमारे नऊ दहा वर्षांनंतरही कामी येतात. परंतु जंतुसंसर्ग, सांधा सैल होणे, निखळणे हे धोके आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने व्यायाम करावाच लागतो. म्हणजे व्यायामाची वाट कोठूनही चुकत नाही. द्वारकेच्या रहिवाशांना आरंभीच्या तपासणीसाठी फार दूर जावे लागत नाही. सेक्टर ९ मध्ये दिल्ली सरकारचे इंदिरा गांधी रुग्णालय आहे, आणि निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे दवाखाने आहेत. पुढील उपचारांसाठी सफदरजंग रुग्णालय व १९५६ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही शहरातच आहेत.

नित्याच्या कामांतील बदल

घरातील मांडणीत थोडा फेर केला तर सांध्याचा पुष्कळ भार हलका होतो. पीठ, तांदूळ, तेल यांचे जड डबे कमरेच्या उंचीवर ठेवावे, वरच्या फळ्यांवर हलक्या व क्वचित लागणाऱ्या वस्तू ठेवाव्या. वजन उचलताना कोपर वाकवून ते शरीराशी धरावे. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा, व काढताना तो शेवटी काढावा. मागे बंद असलेल्या वस्त्रांऐवजी पुढे गुंड्या असलेली वस्त्रे घ्यावी. लांब दांड्याची फणी व अंग घासण्याचा लांब ब्रश ही साधने स्वस्त आहेत. मेट्रोत लोंबती कडी न धरता छातीच्या उंचीवर उभा खांब धरावा. रात्री दुखऱ्या कुशीवर न निजता त्या हाताखाली उशी घ्यावी.

या लहान गोष्टींचा हेतू हात जपून बाजूला ठेवणे हा नाही, तो कामात ठेवणे हा आहे. वाढत्या वयाबरोबर खांद्यातील कूर्चा थोडीबहुत जाईल, आणि गेलेली परत आणण्याचा उपाय आज नाही. परंतु कूर्चेबरोबर हाताची सर्व हालचालही गेलीच पाहिजे, असा निसर्गाचा नियम नाही. कोणता विकार आहे ते वेळेवर ओळखणे, वजन अंगाजवळ धरणे आणि सांधा रोज थोडा तरी सर्व बाजूंनी फिरविणे, एवढे जो करील, त्याला आपले केस आपल्याच हाताने विंचरण्याचा अधिकार दीर्घकाळ राखता येईल.